सोपाऱ्याचा करंडक आणि लाडबोरीचे कडे

मराठीत आज ‘करंडक’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो स्पर्धेत जिंकून आणलेला आणि कपाटावर मिरवणारा चषक. पुरुषोत्तम, फिरोदिया या महाविद्यालयीन स्पर्धांची नावे त्या शब्दाला इतकी चिकटली आहेत की करंडकात मुळात काहीतरी ठेवायचे असते, हेच विसरायला झाले आहे. कुंकवाचा करंडा घराघरांत होता तोवर जुना अर्थ शिल्लक होता: झाकणाची, आतल्या वस्तूच्या मापाने बेतलेली लहानशी डबी. बौद्ध स्तूपांच्या पोटातून अवशेषांच्या ज्या डब्या निघतात, त्यांनाही अभ्यासक हाच शब्द वापरतात. डबीचे नाव रिकाम्या चषकाला मिळावे हा शब्दाचा प्रवास गमतीचा खराच, पण आपल्या एका सवयीचीही तो चुगली करतो. एखाद्या ऐतिहासिक वस्तूसाठी पेटी करायची वेळ आली की आपण करंडा करायचा सोडून चषक करतो. चबुतरा उंच, काच चकचकीत, दिवे भरपूर, पितळी पाटीवर उद्घाटकाचे नाव वस्तूच्या नावाहून मोठे. आणि वस्तू कुठून आली, कशी आली, तिच्यावर काय गुदरले, याचा पत्ता नाही.

वस्तूसाठी पेटी कशी करावी हा प्रश्न आता नाण्या-मूर्तींपुरता उरलेला नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या रेघा सरकताना पुष्कळांनी पाहिल्या आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे जाणकारांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितले. त्याच्या त्रेचाळीस वर्षे आधी, १९७९च्या जुलैत, स्कायलॅब हे अंतराळस्थानक आपल्याच डोक्यावर पडणार या धास्तीने देश हवालदिल झाला होता. ते पडले ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या एस्परन्स या गावाने त्याचे तुकडे आपल्या संग्रहालयात मांडून ठेवले. अंतराळयुगाच्या वस्तू अशा कुठेही येऊन पडतात, भेट म्हणून मिळतात, निवृत्त होऊन येतात. उद्या ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत अशी एखादी वस्तू आली, तर तिची पेटी कशी असावी? माझे म्हणणे असे की जुन्या ठाणे जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि ते आजच्या बहुतेक काचपेट्यांहून जास्त विचारी आहे.

नालासोपारा आज पालघर जिल्ह्यात मोडतो, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाण्यातच होता. तिथे एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड उकरले. भगवानलाल मूळचे जुनागढचे. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले, लिप्या वाचण्यात त्या काळी त्यांचा हात धरणारे थोडेच होते. टेकाड म्हणजे विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी विटांनी बांधलेल्या पोकळीत दगडाची एक गोल पेटी होती, दोन सारख्या अर्ध्या भागांची, एकावर एक बसवलेली. पेटी उघडल्यावर मधोमध अंड्याच्या आकाराचा तांब्याचा करंडक आणि त्याभोवती कडे करून बसलेल्या बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधल्या जागांत सोन्याची शेकडो बारीक फुले, रत्ने, मणी. आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक नाणे. सगळ्यांत आतल्या, सोन्याच्या डबीत काय असेल? मातीच्या भांड्याची तेरा खापरे. भगवानलालांनी ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याच साली ही सारी हकीकत छापून आली, आणि या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. (बुरूड म्हणजे टोपल्या-करंड्या विणणारा. त्याच्या नावाच्या कोटात डबीत डबी निघावी, यात इतिहास नाही, पण गंमत आहे.)

या रचनेकडे जिन्नस म्हणून न पाहता युक्तिवाद म्हणून पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे किंमत आणि मोल यांची उलट मांडणी. बाहेर दगड, मग तांबे, चांदी, पुढे स्फटिक, सोने असा चढत गेलेला भाव शेवटच्या पायरीवर एकदम मातीवर येतो. खापर हे बाजारात फुकट. पण पाच डब्या ओलांडून जो तिथवर पोचला त्याला कुणी सांगावे लागत नाही की हे खापर साधे नव्हे. आवरणाने वस्तूला झाकोळलेले नाही, तिच्याकडे जाणारी वाट बांधली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पुरावा पेटीच्या आतच ठेवलेला आहे. यज्ञश्रीचे नाणे तिथे आहे म्हणून आपल्याला कळते की हा ठेवा त्याच्या राजवटीच्या, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचा असू शकत नाही. ते दानाच्या भावनेने ठेवले असेल; पण काम त्याने तारखेच्या शिक्क्याचे केले. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आठ मूर्ती, म्हणजे सात मानुषी बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय, यांची घडण पाहून नंतरच्या अभ्यासकांनी त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरवल्या. याचा अर्थ स्तूप मधल्या काळात केव्हातरी उघडला गेला, मूर्ती ठेवल्या गेल्या आणि तो पुन्हा बंद झाला. उघडणाऱ्यांनी जुने नाणे काढून नवे ठेवले नाही, करंडक वितळवले नाहीत, खापरे बदलली नाहीत. त्यांनी आपल्या काळाची भर बाहेरच्या कड्याला घातली. सहाशे वर्षांच्या अंतराने दोन पिढ्यांनी एकाच पेटीत लिहिले, आणि दोघांचे हस्ताक्षर वेगळे वाचता येते.

सोपारा एकटा असता तर हा अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण जवळच्या साष्टी बेटावर, कान्हेरीला, मोठ्या चैत्यगृहासमोरचा स्तूप डॉ. जेम्स बर्ड यांनी १८३९ साली उघडला तेव्हा तांब्याचे दोन कलश, राख, माणिक, मोती, सोन्याचे तुकडे यांच्याबरोबर कोरीव ताम्रपटही निघाला. त्यावर त्रैकूटकांच्या राज्याचे वर्ष २४५, म्हणजे इसवी सन ४९४-९५, कृष्णगिरीच्या महाविहाराचे नाव, आणि सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने शारद्वतीपुत्रासाठी, म्हणजे बुद्धशिष्य सारिपुत्तासाठी, घडीव दगड-विटांचा हा चैत्य बांधला अशी नोंद. कोणी, कुठून येऊन, कुणासाठी, कशाने आणि केव्हा! आजच्या किती संग्रहालयांच्या पाट्या या पाचही प्रश्नांची उत्तरे देतात, हे मोजून पाहण्याजोगे आहे. आणि ही पाटी बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नव्हती. ती वस्तूच्या सोबत बंद केली होती, म्हणजे दोघींची ताटातूट होऊ नये. याच कान्हेरीत कल्याणच्या कारागिरांची दानेही कोरलेली आहेत: एका सोनाराने पाण्याचे टाके दिले, एका लोहाराने वाट बांधून दिली. कल्याण हे त्या काळचे धातूकाम आणि व्यापार जाणणारे बंदर होते. डब्या कुणी घडवल्या ते ठाऊक असण्याचे कारण नाही, पण अशा डब्या घडवू शकणारे हात या खाडीकाठी होते आणि त्यांना आपले नाव व गाव दगडावर राहावे असे वाटत होते, एवढे शिलालेखांवरूनच दिसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. स्तूपातला ठेवा श्रद्धेचा. रॉकेटचे कडे किंवा अंतराळयानाची कुपी हे यंत्राचे सुटे भाग. एकाला पूजा लागते, दुसऱ्याला माहिती. पण अंतराळयुगाने स्वतःच हा भेद पाळलेला नाही. अपोलो ११च्या नंतर अमेरिकेने देशोदेशी ज्या सदिच्छा-भेटी पाठवल्या, त्यांत चंद्रावरचे चार बारके कण होते, सगळे मिळून साधारण ०.०५ ग्रॅम, ते पारदर्शक प्लास्टिकच्या बटणात बसवलेले, खाली त्या त्या देशाचा चंद्रावर जाऊन आलेला छोटा ध्वज, आणि सगळे लाकडी फळीवर. अपोलो १७नंतर जे दिले गेले ते एकाच खडकाचे तुकडे, प्रत्येकी साधारण १.१ ग्रॅम, ॲक्रिलिकच्या गोळ्यात. कणाएवढी वस्तू, तिच्याभोवती स्फटिकासारखे आवरण, बाजूला देणाऱ्याचे नाव: रचना सोपाऱ्याचीच आहे, फक्त लाकूड-प्लास्टिकमध्ये. माणूस ज्या ठिकाणाला हात लावू शकत नाही तिथून आलेल्या तुकड्याशी तो अवशेषासारखाच वागतो, मग ते ठिकाण निर्वाण असो की चंद्रावरचा शांतिसागर. तेव्हा भावना नाकारण्यात अर्थ नाही; तिला पुराव्याची जोड आहे की नाही, एवढेच पाहायचे.

ती जोड नसली तर काय होते याचे उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने दिले. १९६९ साली अपोलो ११चे अंतराळवीर नेदरलँड्सला गेले त्या निमित्ताने अमेरिकी राजदूताने माजी पंतप्रधान विलेम ड्रेस यांना एक दगड दिला. ड्रेस वारल्यावर तो संग्रहालयात आला, चंद्रशिला म्हणून मिरवला, त्याचा मोठ्या रकमेचा विमाही उतरवला गेला. २००९ साली तपासणी झाली तेव्हा कळले की तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा आहे. इथे कुणी मुद्दाम फसवले असे म्हणण्याची गरज नाही. सोबतच्या पाटीवर अंतराळवीरांच्या भेटीचा उल्लेख होता. बाकीचे वाचणाऱ्याच्या उत्साहाने भरले. म्हणजे आवरण अर्थ देते, हे माझे म्हणणे जितके खरे, तितकेच हेही खरे की आवरण खोटा अर्थही देऊ शकते. सोपाऱ्याबद्दलही हा प्रश्न विचारता येईल: ती तेरा खापरे खरोखर भिक्षापात्राची कशावरून? प्रामाणिक उत्तर असे की ती तशी आहेत हे पेटी सिद्ध करत नाही. दुसऱ्या शतकातल्या लोकांचा तसा दृढ विश्वास होता आणि सहाशे वर्षांनंतरच्या लोकांनी त्याचा मान राखला, हे मात्र ती सिद्ध करते. कारण कोणती वस्तू कशाच्या आत होती हा क्रम भगवानलालांनी नोंदवून ठेवला. क्रम मोडला असता, खापरे एका बशीत आणि फुले दुसऱ्या बशीत मांडली असती, तर हाती उरले असते ते थोडे सोने आणि थोडी माती.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. करंडक लपवण्यासाठी होता, काचपेटी दाखवण्यासाठी असते. मग एकाचे नियम दुसऱ्याला कसे लावायचे? यावर काही अभ्यासू मंडळी म्हणतील की दाखवणे म्हणजे आडपडदा कमी करणे, आणि पाच आवरणांची भाषा इथे गैरलागू आहे. मला वाटते उलट आहे. अंतराळातून परतलेल्या वस्तूची आवरणे तिच्या अंगावरच असतात. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून गेले आणि ११ एप्रिलला सोयूझ टी-१० मधून उतरले. ती उतरण्याची कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे. तिच्या बाहेरच्या अंगाची होरपळ म्हणजे वातावरणाने लिहिलेले वर्तमान. कुणी उत्साहाच्या भरात ती घासूनपुसून रंगवली असती, तर परतीच्या प्रवासाची साक्ष पुसली गेली असती. आपल्याकडे रस्त्याच्या चौकात मांडलेली विमाने आणि रणगाडे दर दोन-तीन वर्षांनी ऑइलपेंटचा नवा हात खातात, म्हणून हे मुद्दाम सांगायचे. अपोलो ११चे कोलंबिया यान स्मिथसोनियनमध्ये कित्येक दशके पारदर्शक आवरणात बंद होते, आत कुणाला जायची परवानगी नव्हती. २०१६ साली त्रिमितीय स्कॅन करायला ते उघडले, तेव्हा आतल्या पत्र्यांवर अंतराळवीरांनी पेन्सिल-पेनने केलेल्या नोंदी दिसल्या, दिवस खोडत नेलेले एक छोटे कॅलेंडरही. चाळीस-पन्नास वर्षे वस्तू डोळ्यांसमोर होती आणि तरी पूर्ण वाचलेली नव्हती. तेव्हा पेटीचे खरे काम वस्तू कायमची बंद करणे हेही नाही आणि उघडी टाकणे हेही नाही. पुढच्या वाचकाला ती न बिघडवता उघडता आली पाहिजे, आणि उघडल्याची नोंद आत राहिली पाहिजे. सोपाऱ्याला आठव्या-नवव्या शतकात नेमके हेच झाले.

आता ठाणे-कल्याणच्या हवेबद्दल, कारण इथे नेहमीचा सुतारी हिशेब कामाचा नाही. पावसाळ्याचे चार महिने दमट, वर्षभर खाडीची खारी हवा, आणि औद्योगिक वसाहतींचा धूर वेगळा. अशा ठिकाणी पालिकेच्या दालनांतून नेहमी दिसणारी पेटी म्हणजे सनमायका मारलेले प्लायवूड, आत लाल मखमल, कडांना रबर, वर काच आणि कोपऱ्यांत दिवे. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू घातक ठरू शकते. प्लायवूडच्या डिंकातून आणि लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते, रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते, लोकरीच्या कापडाचेही तसेच. आणि पेटी जितकी घट्ट बंद, तितकी ही वाफ आत कोंडते. रॉकेटच्या भागांत ॲल्युमिनियम, पोलाद, टायटॅनियम एकमेकांना खेटून असतात. दोन धातूंच्या सांध्यात खारा ओलावा साचला की त्यांतला एक झपाट्याने गंजतो. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेली चाचणी यासाठीच आहे: पेटीत वापरायच्या साहित्याचा तुकडा आणि चांदी, तांबे, शिसे यांच्या पट्ट्या एका नळीत ओलाव्यासह बंद करून ६० अंशांवर २८ दिवस ठेवायच्या, पट्ट्या डागाळल्या तर ते साहित्य बाद. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, एखाद्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभागही ती करू शकेल. सिलिका जेलचा कप्पा खाली आणि त्याला वेगळे दार हवे, म्हणजे ते बदलताना मुख्य पेटी उघडावी लागणार नाही. सोपाऱ्याच्या कारागिरांनी दगड, धातू आणि स्फटिक वापरले, ज्यांतून वाफ निघत नाही. त्यांनी रसायनाचा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण त्यांची निवड आपल्या लाल मखमलीपेक्षा शहाणी ठरली.

राहिला प्रश्न आकाराचा. डबीत मावणाऱ्या वस्तूचे ठीक; तीन मीटरच्या कड्याचे किंवा अख्ख्या जहाजाचे काय? कल्याणला हा प्रश्न कल्पनेतला नाही. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीकाठी नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका आणून संग्रहालय उभारण्याचे काम स्मार्ट सिटी योजनेतून हाती घेतले गेले. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमाराची सुरुवात केली, म्हणून जागेची निवड. इथे पेटी करता येत नाही, जागाच पेटी होते. आणि जागा पेटी झाली की पाच डब्यांचा नियम जमिनीवर अंथरावा लागतो. आधी खाडी, मग किल्ला, मग घाट, मग नौका, आणि शेवटी तिच्या आतली ती खुर्ची जिथे कुणीतरी पहारा दिला. पाहणाऱ्याला थेट नौकेच्या नाकापाशी उतरवून फोटो काढायला लावले तर खाडी आणि किल्ला पडदे होऊन जातात. याचा यशस्वी नमुना केरळात आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून भारतातले पहिले रॉकेट, नाइकी-अपाची, उडाले. तिथल्या प्रक्षेपण केंद्राची कचेरी सेंट मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये होती, जी तिथल्या मच्छीमार समाजाने आणि बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून दिली. आज त्याच चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे. तिथे रॉकेटच्या प्रतिकृतींहून मोठा ऐवज म्हणजे त्या भिंती. पेटीनेच गोष्ट सांगितली आहे. ठाण्याकडे असे काही उरलेले नाही याची खंत वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली आगगाडी बोरीबंदरहून इथे आली, आणि आज त्या तिघांपैकी एकही इंजिन दाखवायला नाही. पेटी करण्याचा विचार वस्तू हातात असतानाच करावा लागतो.

लाडबोरीच्या कड्याबाबत एक कायदेशीर अडचणही आहे, आणि ती पेटीच्या रचनेत यायला हवी. १९६७च्या अंतराळ करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू पृथ्वीवर कुठेही पडली तरी मालकी सोडणाऱ्या देशाचीच राहते. १९६८च्या करारानुसार त्या देशाने मागितली तर ती परत द्यावी लागते. म्हणजे अशी वस्तू मांडणारा तिचा मालक नसतो, राखणदार असतो. मग पाटीवर लिहायचे ते असे: कुठे पडले, कोणत्या दिवशी, कोणी आधी पाहिले, कोणी तपासले, कशावरून ओळखले, आणि कोणते म्हणणे पक्के, कोणते अंदाजाचे. हे सारे धातूच्या पत्र्यावर कोरून पेटीच्या आत, वस्तूच्या शेजारी ठेवावे. बाहेरची पाटी बदलते, चोरीला जाते, नव्या नगरसेवकाच्या नावाने पुन्हा रंगते. पुढे कुणी पेटी उघडली तर त्याने आपली तारीख आणि कारण लिहून आणखी एक पत्रा ठेवावा, पहिला न काढता. आणि तळाशी पेटी बंद केली त्या वर्षीचे एक नाणे. यज्ञश्रीच्या नाण्याला चांदी लागली होती. इथे टांकसाळीतले नवे दहा रुपयांचे नाणे चालेल, कापडात न गुंडाळता, साध्या काचेच्या कुपीत.